उत्तर न मिळालेल्या ओळी

जनार्दनराव पाटणकरांच्या वाट्याला एकही ओळ आली नव्हती.

वाटणीचा कागद त्यांनी तीन वेळा वाचला, मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. कैलासवासी शैलजा पाटणकर यांनी आयुष्याच्या शेवटच्या बारा वर्षांत राहत्या घरात उच्चारलेली वाक्यं आणि ती कुणाला उद्देशून होती, याचा तो तपशील होता. मुलगी ऋजुता, एकवीस हजार सहाशे चाळीस. शेजारीण कमल हिंगमिरे, नऊ हजार दोनशे सात. दूधवाला, भाजीवाली, डॉक्टर असे किरकोळ लोक मिळून तीन हजारांच्या आतबाहेर. मन्या, दोन हजार तीनशे अठरा. त्याच्यापुढे 'मांजर, हक्क नाही' असा शेरा. सर्वांत खाली पती. पती, शून्य.

कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली आणि चपला पायात सरकवून ते तडक वाणी-दफ्तराकडे निघाले.

हे वाणी-दफ्तर काय प्रकरण होतं, ते आधी सांगायला हवं. पंधरा वर्षांपूर्वी ज्येष्ठ नागरिकांच्या घरोघरी 'कानोसा' नावाची एक पांढरी चकती भिंतीवर बसवायला सुरुवात झाली. कुणी पडलं, कण्हलं, 'वाचवा' म्हणालं की चकतीने रुग्णवाहिका बोलवायची, एवढाच हेतू. पण ऐकायचं म्हटलं की सगळंच ऐकावं लागतं. आवाज साठवायला जागा फार लागते, अक्षरांना फारशी लागत नाही. म्हणून कानोसा घरातलं बोलणं ऐकल्याबरोबर लिहून काढायचा आणि आवाज टाकून द्यायचा. रोजची एक फाइल. फाइलमध्ये एका वाक्याला एक ओळ: वेळ, खोली, बोलणारा, घरात हजर कोण, वाक्य, आणि शेवटी आकड्यांची एक लांबलचक शेपटी. तिला स्वरखूण म्हणत. त्या शेपटीवरून ते वाक्य ज्या गळ्यातून, ज्या सुरात, ज्या दमात निघालं होतं तसंच्या तसं पुन्हा ऐकता यायचं. म्हणजे टाकून दिलेला आवाज खरं तर मुडपून ठेवलेला होता.

माणूस गेल्यावर या आवाजाचं काय करायचं, हा प्रश्न मग आलाच. सुरुवातीला काही दुकानदारांनी मेलेल्या माणसांकडून नवी वाक्यं वदवून घेतली आणि लोकांनी हौसेने ती विकतही घेतली. दिवंगत सासऱ्याने सुनेच्या घटस्फोटाला आशीर्वाद दिल्याचं एक प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा सरकार जागं झालं. वाणीहक्क कायदा आला. कायद्याचं तत्त्व साधं होतं. जे तुम्हाला उद्देशून बोललं गेलं, ते तुमचं. जे दुसऱ्याला बोललं गेलं, ते त्याचं. जे कुणालाच बोललं गेलं नाही, ते बोलणाऱ्याचं. आणि ते त्याच्याबरोबर जावं. माणूस गेल्यापासून एक वर्ष पूर्ण झालं की ज्यांच्यावर कुणाचा हक्क सिद्ध झाला नाही अशा सगळ्या ओळी कायमच्या पुसल्या जात. लोक त्याला बोलाचं वर्षश्राद्ध म्हणायचे. शैलाताईंचं वर्षश्राद्ध दहा कामकाजी दिवसांवर आलं होतं.

कराडात हे दफ्तर जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत होतं. लांबलचक दालन, ओळीने मांडलेली टेबलं, प्रत्येक टेबलावर एक काळा पडदा आणि कानाला लावायचे फोन. तिथे शबाना मुल्ला म्हणून अधिकारी होत्या. पंचेचाळिशीच्या बाई, दुःखात बुडालेल्या माणसांना रोज संगणक शिकवावा लागत असल्यामुळे अंगात दांडगा धीर आलेल्या.

"यंत्र बिघडलंय तुमचं," जनार्दनरावांनी कागद त्यांच्यापुढे टाकला. "सत्तेचाळीस वर्षं संसार केलाय मी. बायको माझ्याशी एक वाक्य बोलली नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"बसा काका. पाणी घ्या आधी." मुल्ला मॅडमनी कागदावर नजर टाकली. "काकू तुम्हाला नावानं हाक मारायच्या का?"

"नवऱ्याला नावानं?"

"तेच तर. तुमच्या पिढीतले निम्मे नवरे इथं शून्य घेऊनच येतात. पहिली वाटणी यंत्र करतं आणि ते नावावर चालतं. मांजराला नाव होतं काका. तुम्हाला घरात नाव नव्हतं."

जनार्दनराव पाणी प्यायले. एरवीही बोलायला त्यांना फारसं सुचत नसे.

"दुसरी वाटणी तुमच्या हातात आहे," मॅडम म्हणाल्या. "नाव नसलं तरी चालतं, पण त्या वाक्यावर तुम्ही अर्ध्या मिनिटाच्या आत उत्तर दिलेलं पाहिजे. उत्तर दिलं म्हणजे बोलणं तुमच्याशीच होतं, हे सिद्ध झालं. तेवढ्या ओळी तुम्ही स्वतः शोधायच्या आणि हक्क सांगायचा."

"मी कशाला? ती सगळी हुशार यंत्रं काय करतात?"

"त्यांना इथं बंदी आहे. एकदा वाचलेलं ती विसरत नाहीत ना. मग पुसायचं काय राहिलं?" त्यांनी एका पडद्याकडे बोट दाखवलं. "इथं साधा काळा पडदा. तुम्ही आज्ञा टाइप करायची, तो शोधून देणार. जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वीच्या आज्ञा आहेत. ना शहाणपणा करतात, ना तुमची समजूत काढतात. मागाल तेवढं देतात."

हे मात्र जनार्दनरावांना पटलं. धरणाजवळच्या भूकंपमापन केंद्रात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली होती. फिरत्या कागदावर सुई जी रेघ काढेल ती वाचायची, जी नाही ती कल्पनेने काढायची नाही, या शिस्तीत त्यांचं आयुष्य गेलं होतं. कोयनेच्या खोऱ्यात जमीन केसभर हलली तरी ती नोंद त्यांच्या नजरेतून सुटत नसे, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. शैलाताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि ते ऐकून त्या थोडंसं हसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ते पडद्यासमोर येऊन बसले.

"आधी फाइंड," मुल्ला मॅडम शेजारी उभ्या राहून सांगू लागल्या. "ही आज्ञा फाइली शोधते. नावावरून, तारखेवरून, आकारावरून, कशावरूनही. सोपं उदाहरण घेऊ. तुमच्या घरातल्या रिकाम्या फाइली मागा."

जनार्दनरावांनी एका बोटाने अक्षरं दाबली. पडद्यावर तारखा भराभर खालून वर सरकू लागल्या आणि थांबेचनात. शैलाताई गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून परवापर्यंतच्या जवळजवळ सगळ्या तारखा त्यात होत्या. फक्त रविवार तेवढे नव्हते. रविवारी बंगळूरहून ऋजुताचा फोन यायचा.

"म्हणजे काय हे?" त्यांनी विचारलं.

"त्या दिवशी घरात कुणी काही बोललं नाही," मॅडम म्हणाल्या, आणि उदाहरण चुकलं हे त्यांच्या लक्षात आलं. "जाऊ द्या काका. आता ग्रेप बघा. ही चाळणी आहे. तुम्ही शब्द द्यायचा. तो शब्द असलेल्या ओळी वर राहतात, बाकीच्या खाली गळतात. व्ही लावला की चाळणी उलटी: तो शब्द असलेल्या गळतात, बाकीच्या राहतात. सी लावला तर नुसती मोजून सांगते. आणि ए लावून एक म्हटलं, तर सापडलेल्या ओळीबरोबर तिच्या पुढची एक ओळही दाखवते. तुम्हाला तीच लागणार. काकूंची ओळ, आणि पुढं तुमचं उत्तर."

"शब्द कोणता देऊ?"

"तो तुम्हालाच ठाऊक."

हट्टाने त्यांनी आधी स्वतःचं नाव शोधलं. बारा वर्षांत सहा ओळी. तीन वेळा हळदीकुंकवाला बायकांच्या आग्रहावरून घेतलेला उखाणा, दोनदा फोनवर दवाखान्याच्या अर्जासाठी, एकदा गॅसच्या नोंदणीसाठी. नाव घेतलं होतं. त्या नावाने हाक मात्र मारली नव्हती. मग त्यांनी 'अहो' टाइप केलं.

एकेचाळीस हजार.

मेल्या यंत्राचं शून्य आणि इथे एकेचाळीस हजार! दूधवाल्याला, डॉक्टरांना, पाहुण्यांना म्हटलेले 'अहो' उलट्या चाळणीने गाळता गाळता दोन दिवस गेले. राहिले अडतीस हजार नऊशे चौदा. एवढ्या वेळा तिने आपल्याला हाक मारली, या आनंदात ते त्या संध्याकाळी मंडईतून पेढे घेऊन घरी गेले. घरी पेढे द्यायला कुणी नव्हतं. मन्याला आता हिंगमिऱ्यांकडे राहायची सवय झाली होती. त्यांनी दोन पेढे स्वतः खाल्ले आणि बाकीचे फडताळात ठेवले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पुढची ओळ मागितली.

'अहो, चहा ठेवलाय.' पुढची ओळ, एक तास वीस मिनिटांनी: 'गार झाला. दुसरा करते.' बोलणारी तीच.

'अहो, ऋजूच्या पत्रिकेचं पान कुठे ठेवलंत?' पुढची ओळ, एक मिनिटाने: 'अहो, विचारतेय मी.' बोलणारी तीच. त्याच्या पुढची: 'बरं, मी बघते.'

'अहो, आज पाय फार दुखतायत.' पुढची ओळ, दुसऱ्या दिवशी सकाळी.

जनार्दनराव वाचत गेले. मग वाचणं सोडून त्यांनी मोजायला घेतलं, कारण मोजणं त्यांना जमत होतं. अडतीस हजार नऊशे चौदा हाकांपैकी अर्ध्या मिनिटात त्यांचं उत्तर आलेल्या हाका होत्या दोन हजार नऊशे अकरा. त्या उत्तरांत 'हं' एवढंच असलेली एकोणीसशेच्या वर. बाकी 'नंतर', 'बघू', 'ठेव तिथे', 'तूच ठरव'. भांडण कुठेच नव्हतं. वाईट शब्द एक नव्हता. हा माणूस बायकोला आयुष्यात कधी तोडून बोलला नाही, असं सगळं कराड सांगत असे आणि ते खरंच होतं.

"दोन हजार नऊशे म्हणजे वाईट नाही काका," मुल्ला मॅडम म्हणाल्या. "शंभरावर समाधान मानून जाणारे बघितलेत मी."

"बाकीच्यांचं काय होणार?"

"पुसल्या जातील."

"पण ती माझ्याशीच बोलत होती. घरात दोघंच होतो. तुमच्या ओळीतच लिहिलंय, हजर: पती."

"हजर असणं पुरत नाही. खोलीत असणं म्हणजे बोलण्यात असणं नव्हे, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. घरातले नोकर, भाडेकरू, सगळेच मग हक्क सांगायला लागले असते." त्यांनी ड्रॉवर उघडून एक छापील कागद काढला. "पण यावर तोड आहे. हे मूक-उत्तराचं प्रतिज्ञापत्र. काही माणसं मानेनं उत्तर देतात, हातानं देतात, पुटपुटतात. कानोसाला ते कळत नाही. तेव्हा तुम्ही इथं लिहून द्यायचं, की मी या सर्व हाकांना यंत्राला ऐकू न येईल अशा रीतीनं उत्तर देत असे. एक सही, आणि सगळ्या छत्तीस हजार ओळी तुमच्या."

"आणि ते खरं आहे की नाही, हे कोण बघणार?"

"कुणी नाही. सगळेच सही करतात काका."

जनार्दनरावांनी कागद हातात घेतला. पेन खिशातच होतं. मान हलवण्याची सवय त्यांना होती, हे तर खरंच. किती वेळा हलवली असेल? त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत बसवलं. "उद्या देतो," ते म्हणाले. "एकदा तपासून बघतो."

चौतीस वर्षांची खोड अशी जाणार थोडीच! ज्या नोंदीवर सही करायची ती आधी पडताळायची. मान हलवली असती, तर तिला पुन्हा विचारावं लागलं नसतं. एवढं साधं गणित त्यांनी मांडलं. एका हाकेनंतर मिनिटभरात दुसरी हाक, अशा जोड्या त्यांनी शोधल्या. चौदा हजार निघाल्या. मग त्यांनी वर्षवार मोजणी केली आणि घरून आणलेल्या आलेखाच्या कागदावर बिंदू मांडले. पहिल्या वर्षी दिवसाला सतरा हाका. मग पंधरा, तेरा, अकरा. शेवटच्या वर्षी दिवसाला तीन. रेघ संथपणे खाली उतरत गेली होती.

खाली उतरलेलं कुठेतरी वर निघतं, हे त्यांना जमिनीने शिकवलं होतं. त्यांनी दुसरा शब्द दिला: मन्या.

हे मांजर सहा वर्षांपूर्वी घरात आलं. पहिल्या वर्षी त्याच्याशी बोललेल्या ओळी शे-सव्वाशे. मग अडीचशे, तीनशे. शेवटच्या वर्षी आठशेच्या घरात. दोन्ही रेघांनी एकमेकींना ओलांडलं नव्हतं, पण आणखी एखादं वर्ष मिळतं तर ओलांडलं असतं.

सहाव्या दिवशी ते मन्याच्या ओळी वाचायला बसले. त्यावर हक्क कुणाचाच नव्हता; वाचायला मनाई नव्हती.

'मन्या, मालकांना विचार, आमटी जमलीय का.'

'मन्या, आज काय आहे सांग बघू. चव्वेचाळीस वर्षं झाली. तुलाही आठवत नाही ना?'

'मन्या, त्यांना म्हणावं, पेपर खाली ठेवला तर पलीकडे मी दिसेन.' या वाक्याची स्वरखूण त्यांनी ऐकली. कानात शैलाताई हसत होत्या. अगदी मनापासून हसत होत्या. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच जनार्दनरावांना सोसवेना.

शेवटच्या महिन्यातली एक ओळ होती. सकाळचे अकरा वीस. बैठकीची खोली. हजर: पती. 'मन्या, जिना चढवेना रे आज. दोनदा बसले मध्ये. छाती भरून आल्यासारखी झाली.' पुढची ओळ तासाभराने: 'अहो, पानं घेतलीयत.'

लाडाने मांजराशी बोललेलं ते वाक्य, त्यामुळे कानोसाने रुग्णवाहिका बोलावली नाही. त्या सुरात धोका नव्हता. त्यानंतर सतराव्या दिवशी शैलाताई देवघरासमोर बसल्या बसल्या गेल्या. काही त्रास होता का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा जनार्दनरावांनी ठामपणे सांगितलं होतं, "कधी काही बोलली नाही."

त्यांनी कानातले फोन काढून टेबलावर ठेवले. शेजारच्या पडद्यासमोर एक म्हातारी बाई आपल्या बहिणीच्या ओळी शोधत होती. तिने आपल्या पिशवीतून खडीसाखरेची पुडी काढून त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी एक खडा घेतला. तो तोंडात न टाकता ते कितीतरी वेळ नुसता धरून बसले.

संध्याकाळी त्यांनी स्वतःहून ऋजुताला फोन केला. वार बुधवार होता, म्हणून ती घाबरली.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. त्या कागदाचं विचारायचं होतं. प्रतिज्ञापत्राचं."

"केलीत ना सही?"

"नाही केली. करणार नाही म्हणतो."

"बाबा, छत्तीस हजार ओळी आहेत. आईचा घरातला आवाज आहे. तो फोनवरच्या माझ्या ओळींत नाही, माझ्याशी ती फोनवरचं बोलायची. मला ती स्वयंपाकघरातून हाक मारतानाची हवी आहे. तुमच्या ओळी राहिल्या तर मलाही कधीतरी ऐकता येतील. एका सहीचा तर प्रश्न आहे."

"त्यावर लिहिलंय, मी उत्तर देत असे."

"द्यायचात की. मान हलवायचात. मी पाहिलंय."

"मी मोजलंय, ऋजू."

"मोजलंय?" तिचा आवाज चढला. "तुम्ही हेपण मोजलंत? ती गेली बाबा. खरं-खोटं करून कुणाला काय मिळणार आहे? खोटं असेल तर असू दे, पण आई तरी राहील."

जनार्दनराव बोलायला शब्द शोधत राहिले. इथे चाळणी नव्हती. "ती हाक मारायची आणि मी जायचो नाही," ते शेवटी म्हणाले. "छत्तीस हजार वेळा. आता मी जात होतो असं लिहून दिलं, तर ती कुणाला हाक मारत होती? तो दुसराच कुणी माणूस होईल. तिचं तेवढंही मी खोटं करू?"

"म्हणजे तुमच्या खरेपणासाठी माझी आई पुसायची," ऋजुता म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्या रविवारी फोन आला नाही. तोही दिवस कोरा राहिला.

पण त्या रविवारच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन असे चार कामकाजी दिवस हातात होते. गुरुवारी सकाळी जनार्दनरावांनी प्रतिज्ञापत्र मुल्ला मॅडमना परत दिलं, कोरं. दोन हजार नऊशे अकरा ओळींवर हक्क सांगणारा अर्ज तेवढा भरला.

"मग आता येऊ नका काका," त्या हलकेच म्हणाल्या. "काम झालं तुमचं. उगाच त्रास करून घेता."

"पुसायच्या ओळी पुसेपर्यंत ऐकता येतात ना?"

"येतात."

"मग बसतो."

त्यांनी हिशेब केला होता. दहा ते पाच, सात तास. एका ओळीला दहा सेकंद धरले तर दिवसाला अडीच हजार. चार दिवसांत दहा हजार. छत्तीस हजार काही केल्या होत नव्हत्या. तेव्हा सुरुवात कुठून करायची हे ठरवायला हवं होतं, आणि त्यांनी शेवटाकडून करायची ठरवली. शेवटी शेवटी हाका थोड्या होत्या. त्या तरी राहायला नकोत. उत्तर मिळालेल्या सगळ्या ओळी त्यांनी चाळणी उलटी करून गाळल्या, राहिलेल्यांचा, त्यांच्या पुढच्या ओळीसकट, क्रम उलटा लावला आणि फोन कानाला लावले.

'अहो, दिवा लावला का बाहेरचा?'

"हो," जनार्दनराव म्हणाले. मोठ्याने, स्पष्ट.

दालनातल्या दोन-तीन माना वळल्या. मुल्ला मॅडम अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या. दालनात शांतता राखावी, असा फलक त्यांच्या डोक्यावरच होता.

'अहो, औषध घेतलंत?'

"घेतलं."

'अहो, कमलताईंकडचा फणस आलाय, गरे काढता का?'

"काढतो."

या उत्तरांनी एकही ओळ वाचणार नव्हती. अर्ध्या मिनिटाची मुदत कधीच उलटून गेली होती, कशाला एक, कशाला सात वर्षं उलटली होती, आणि हे जनार्दनरावांइतकं कुणालाच नेमकं ठाऊक नव्हतं. ते उत्तरं देत राहिले. पहिल्या दिवशी 'हो' आणि 'आलो' यांपलीकडे त्यांना फारसं काही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी जरा लांब वाक्यं जमू लागली. 'अहो, ही साडी कशी दिसते?' याला त्यांना इतका वेळ लागला, की ठरलेले दहा सेकंद केव्हाच उलटून गेले. पण उत्तर दिलं. मन्याच्या ओळी त्यांनी मध्ये मध्ये घेतल्या, कारण त्याही त्यांच्याच होत्या. जिन्याच्या ओळीपाशी ते फार वेळ थांबले. तिथे ते काय म्हणाले, हे कुणाला ऐकू गेलं नाही.

उलटं ऐकत गेल्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट होत होती. शैलाताई बऱ्या होत होत्या. आवाजातला दम वाढत होता, पायांची तक्रार कमी होत होती, हाका दाट होत चालल्या होत्या. दिवसाला तीनच्या पाच झाल्या, पाचच्या आठ. सोमवारी दुपारी मन्या पिल्लू झाला आणि मग घरात नव्हताच. त्यानंतर त्या फक्त जनार्दनरावांशी बोलत होत्या.

मंगळवार शेवटचा. पाचच्या ठोक्याला ओळी पुसल्या जाणार होत्या. दुपारनंतर दालन रिकामं होत गेलं. खडीसाखरवाली बाई जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेली. जनार्दनरावांचा घसा बसला होता. आयुष्यात ते सलग इतकं कधी बोलले नव्हते. पाचला चार मिनिटं असताना पडद्यावर सात वर्षांपूर्वीच्या एका मार्च महिन्यातली ओळ आली. संध्याकाळचे सहा दहा. मागची गॅलरी. हजर: पती, बैठकीची खोली.

'राहू दे. गेलं.'

त्यांना संदर्भ लागेना. उलट्या क्रमात आधीची ओळ नंतर येते, हे लक्षात घेऊन त्यांनी पुढचं बटण दाबलं. चाळीस सेकंद आधीची ओळ. शैलाताईंचा आवाज दबलेला होता, एखाद्याला चाहूल लागू नये म्हणून दबवतात तसा, आणि त्यात काठोकाठ आनंद होता.

'अहो, लवकर या इकडे. आवाज न करता या.'

जनार्दनराव खुर्ची सरकवून उठले. कानातल्या फोनची वायर ताणली गेली आणि निघून आली. ते पाय न वाजवता दोन पावलं पुढे गेले. समोर दालनाची भिंत होती.

गॅलरीत काय आलं होतं? पक्षी असेल, खार असेल. समोरच्या डोंगरावर उन्हाचा काही रंग उमटला असेल. त्यांनी मनातल्या मनात सगळ्या फाइली चाळल्या. त्या दिवशी ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ऋजुताला नाही, कमलताईंना नाही. आपण आत बसलो होतो. चाळीस सेकंद ती तिथे एकटी उभी राहून वाट पाहत होती आणि मग ते गेलं.

"काका," मुल्ला मॅडमनी मागून हाक मारली. "दोन मिनिटं राहिलीत."

जनार्दनराव पडद्याकडे वळले. चार दिवस ते नुसती उत्तरं देत होते. आता मात्र ते टेबलाच्या कडेला धरून पुढे वाकले.

"काय होतं गं?" त्यांनी विचारलं. "काय दिसलं तुला? सांग ना."

पडद्यावर ओळ तशीच होती. ते उभ्याउभ्याच वाट पाहत राहिले. मग पाच वाजले.